रंगीत गट्टू, लोखंडी तवा आणि एकवीस महिने

भोकरदन तालुक्यातील आमच्या गावात मी आणि माझे पती मिळून पेव्हर ब्लॉकचा, म्हणजे आमच्याकडे ज्याला सगळे गट्टू म्हणतात त्याचा, छोटा कारखाना चालवतो. जून २०२२ मध्ये हा विचार प्रथम घरात बोलला गेला आणि पहिल्या रंगीत कामाचे पूर्ण पैसे मार्च २०२४ मध्ये हातात पडले. मधल्या काळात आम्हाला माहिती देणारे पुष्कळ भेटले, पण रंगाविषयी, म्हणजे लाल, पिवळ्या आणि काळ्या ऑक्साइडविषयी, नीट सांगणारे कोणी भेटले नाही. कर्ज, परवाने आणि यंत्रे यांची माहिती चार ठिकाणी विचारून मिळते. रंगाची माहिती मात्र आम्हाला नुकसान सोसून मिळाली. म्हणून कागदपत्रांचा भाग थोडक्यात आणि रंगाचा भाग सविस्तर लिहीत आहे.

माझे पती बारा वर्षे मिस्त्रीकाम करत होते. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले, मात्र लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग मुलांचा अभ्यास घेण्यापलीकडे कधी झाला नव्हता. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिलेला ३५ टक्के अनुदान मिळते आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के भरावा लागतो, हे कळल्यावर अर्ज माझ्या नावाने करायचे ठरले. ११ जुलै २०२२ रोजी उद्यम नोंदणी केली. ही नोंदणी शासनाच्या संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते. मला ते माहीत नसल्यामुळे मी एका दुकानदाराला तिच्यासाठी १,५०० रुपये देऊन बसले. १८ ऑगस्टला जिल्हा उद्योग केंद्राकडे ऑनलाइन अर्ज गेला आणि सप्टेंबरमध्ये त्रुटी दाखवून परत आला, कारण गाव ग्रामीण भागात मोडते हे दाखवणारा ग्रामसेवकांचा लोकसंख्येचा दाखला मी जोडलाच नव्हता. चूक माझीच होती, पण तिच्यापायी सहा आठवडे गेले. शाळा सोडल्याचा दाखला, प्रकल्प अहवाल, जागेचा भाडेकरार आणि यंत्रांची दरपत्रके यांच्याबरोबर हा दाखला पहिल्याच दिवशी काढून ठेवावा.

प्रकल्प १४ लाख ८० हजारांचा होता. आमचा वाटा ७४ हजार रुपये. बँकेचे अधिकारी ९ डिसेंबरला जागा पाहून गेले, २४ जानेवारी २०२३ रोजी कर्ज मंजूर झाले, फेब्रुवारीत दोन आठवड्यांचे उद्योजकता प्रशिक्षण झाले आणि त्याचे प्रमाणपत्र जमा केल्यावर २० मार्चला यंत्रवाल्याच्या नावे पहिली रक्कम गेली. अनुदान लगेच हातात येत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकलेले राहते आणि नंतर पडताळणी होऊन कर्जात वळते होते. ‘पाच लाख फुकट मिळाले’ असे नातेवाईक म्हणतात, तेव्हा हे त्यांना समजावून सांगण्यात अर्धा तास जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आमच्यासारखे सिमेंटच्या वस्तूंचे कारखाने त्या वेळी हिरव्या, म्हणजे कमी प्रदूषण करणाऱ्या, वर्गात होते. मात्र काम वरून आणि बाजूंनी झाकलेल्या शेडमध्ये व्हावे अशी अट होती, म्हणून पत्र्यांचा खर्च अंदाजापेक्षा वाढला. थ्री फेज वीज एप्रिलच्या शेवटी आली. १५ मे रोजी माल कालवणारा पॅन मिक्सर, साच्यातला माल हलवून दाबून बसवणारे दोन व्हायब्रेटर टेबल आणि १,२०० साचे यांच्यावर पहिला गट्टू पडला. तो करडा होता, आणि करड्यात आम्हाला कधीच अडचण आली नाही.

जूनमध्ये शेजारच्या गावातील काम मिळाले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून मंदिरासमोरील ४०० चौरस मीटर जागेत गट्टू बसवायचे होते. काम एका गुत्तेदाराकडे होते आणि त्याने आमच्याकडून माल घ्यायचा होता. जाडी ६० मिलिमीटर, प्रत एम-३५, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ३५ न्यूटन दाब सोसणारी. अंदाजपत्रकात साधारण निम्मा भाग करडा, १४० चौरस मीटर लाल आणि ६० चौरस मीटर पिवळा असा नक्षीचा हिशेब होता. ६० मिलिमीटरचे आमचे नागमोडी गट्टू एका चौरस मीटरला ३९ बसतात, म्हणजे एकूण १५,६०० नग झाले. एवढी मोठी मागणी पहिल्याच महिन्यात आली याचा आनंद इतका होता की रंग कोठून आणायचा याचा विचार आम्ही दहा मिनिटांत उरकला. तालुक्याच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे लाल ३८ रुपये किलो आणि पिवळा ४५ रुपये किलो मिळाला. पोत्यावर कंपनीचे नाव नव्हते, लॉट क्रमांक, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक, नव्हता, फक्त शाईने ‘ऑक्साइड’ असे लिहिले होते.

आमच्याकडे काम करणारे मिस्त्रीमामा अनुभवी आहेत. जुन्या घरांतील लाल कोब्याची कितीतरी कामे त्यांनी केली आहेत. मी वजनकाटा पुढे केला तेव्हा ते म्हणाले, “ताई, रंगाला कशाला काटा? माझ्या ओंजळीचा अंदाज हाय ना!” त्यांनी मिक्सरमध्ये सिमेंट, चुरी (दगडाचा बारीक चुरा), कच (बारीक खडी) आणि पाणी फिरत असताना वरून ओंजळीने रंग टाकला. ओल्या मालात कोरडी पूड पडली की तिच्या गुठळ्या होतात. बाहेरून माल लाल दिसतो, पण गुठळीच्या आत पूड कोरडीच राहते. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढलेले गट्टू मात्र इतके झळझळीत दिसले की माझ्या पतींनी त्यांचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवले. ८ जुलैपर्यंत २,३०० रंगीत गट्टू कामाच्या जागी पोहोचले.

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस झाला. ३ ऑगस्टला शाखा अभियंता पाहणीला आले, तेव्हा पिवळ्या थप्पीखालची माती पिवळी झाली होती आणि गट्टू स्वतः खाकी पडले होते. लाल गट्टूंचा रंग विटकरीवरून फिक्या गुलाबीकडे गेला होता. काहींच्या अंगावर गडद लाल ठिपके होते. त्या ठिपक्यांवर त्यांनी पेनाचे टोक टेकवले, तर आतून पूड सुटली. ते रागावले नाहीत. “हा माल मी मोजमाप पुस्तिकेत घेऊ शकत नाही,” म्हणजे त्याचे पैसे निघणार नाहीत, एवढेच म्हणाले आणि पुढच्या कामाला निघून गेले. एका गट्टूला आम्हाला तेव्हा सुमारे १८ रुपये खर्च येत होता, म्हणजे ४१ हजार ४०० रुपयांचा माल आमच्या ट्रॅक्टरमधून परत घरी आला. त्या रात्री आम्ही दोघेही जेवलो नाही. बँकेचा पहिला हप्ता दहा दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची कॉलेजची जुनी वही काढली. बाजारात ज्याला ऑक्साइड म्हणतात, ते खरे असेल तर लोखंडाचे ऑक्साइड असते. लाल म्हणजे हेमॅटाइट, काळा म्हणजे मॅग्नेटाइट, आणि पिवळा म्हणजे गोएथाइट, ज्याच्या रचनेत हायड्रोजनही बांधलेला असतो. तपकिरी रंग बहुधा या तिघांच्या मिश्रणातून करतात. सिमेंटचे ओले मिश्रण अतिशय अल्कधर्मी असते आणि आपल्याकडचे ऊन वर्षातील आठ महिने तळपते. या दोन्हींत टिकणारे स्वस्त रंग फार थोडे आहेत. लोखंडाची ही ऑक्साइडे टिकतात, कारण गंजलेल्या लोखंडाला आणखी गंज तो काय चढणार! अजिंठा आमच्यापासून फार लांब नाही. तेथील भिंतींवर आजही दिसणारे तांबडे आणि पिवळे रंग हे गेरू आणि पिवळी माती यांचेच, म्हणजे याच कुळातले आहेत. आमच्या आजीच्या घराला दिवाळीत काव आणि पिवडी लावत, तेही हेच.

मग आमच्या गट्टूंचा रंग का गेला, हे पाहण्यासाठी मी त्या पिवळ्या पुडीचे तीन प्रयोग केले. ते कोणालाही घरी करता येतील म्हणून नीट सांगते. पहिल्या प्रयोगात काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर पूड ढवळली आणि पेला रात्रभर ठेवून दिला. खरे ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, ते तळाशी बसते आणि वरचे पाणी नितळ होते. आमचे पाणी सकाळीही लिंबाच्या सरबतासारखे पिवळे होते. म्हणजे त्यात कसला तरी विरघळणारा रंग होता. दुसऱ्या प्रयोगात चिमूटभर पुडीवर संडास धुण्याच्या ॲसिडचे दोन थेंब टाकले, तर ती फसफसून वर आली. याचा अर्थ त्यात खडूची भुकटी होती.

तिसरा प्रयोग तव्याचा. गोएथाइट तापवले की त्याच्या रचनेतले पाणी निघून जाते आणि त्याचे हेमॅटाइट होते, म्हणजे पिवळा रंग लाल होतो. हे वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. भाकरीचा मोडीत काढलेला लोखंडी तवा चुलीवर ठेवला आणि त्यावर ती पूड पसरली. ती आधी करपली, धुराला जळक्या प्लास्टिकसारखा वास आला आणि शेवटी तव्यावर पांढरट राख उरली. पुढच्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरहून चांगल्या पिवळ्याचा पावशेर नमुना आणला आणि तोच प्रयोग केला. या वेळी धूर नाही, वास नाही. कडेपासून रंग बदलायला लागला. आधी नारिंगी, मग गेरूसारखा, आणि दोन मिनिटांत सगळी पूड लालभडक झाली. धाकटा मुलगा शेजारी उभा होता, तो म्हणाला, “आई, परत पिवळी कर ना.” ती काही परत पिवळी होत नाही. ज्यांच्याकडे गट्टू किंवा विटा गरम वाफेच्या दाबाखाली पक्क्या करतात, त्यांनी पिवळा वापरण्यापूर्वी विक्रेत्याला किती तापमानापर्यंत तो टिकतो हे जरूर विचारावे. या प्रयोगाचा तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये, हे सांगायला नकोच.

काळ्यासाठी आणखी सोपी खूण आहे. कागदावर काळी पूड घेऊन कागदाखालून लोहचुंबक फिरवावे. मॅग्नेटाइट असेल तर पूड चुंबकामागे सरकते. आम्ही आणलेल्या स्वस्त काळ्याचा नमुना हललाच नाही, कारण ती काजळी होती. काजळीने थोड्या वजनात खूप काळेपणा येतो, पण तिचे कण फार बारीक आणि हलके असल्यामुळे पावसापाण्यात ती पृष्ठभागावरून हळूहळू धुऊन जाते. स्वस्त लालात मात्र बनावट रंग नव्हता. तो साधा गेरू होता, मातीच जास्त. त्याचे पाणी नितळले, पण रंग देण्याची ताकद इतकी कमी की हवी ती छटा यायला चौपट पूड लागली असती आणि तेवढी माती गट्टूत गेली की त्याची मजबुती घटते.

चुंबकाला चिकटते ते सगळे रंगाच्या कामाचे असते, असे मात्र नाही. माझे चुलत दीर जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलमध्ये कामाला आहेत. जालन्यात सळयांच्या मिल पुष्कळ आहेत आणि तापलेल्या लोखंडावरून गळणारे काळे पापुद्रे, ज्यांना तेथे स्केल म्हणतात, तेही लोखंडाचे ऑक्साइडच असते. भावजींनी प्रेमाने एक गोणी भरून आणून दिली. आम्ही ते कुटून, चाळून वापरून पाहिले. गट्टू काळा न होता फक्त मळकट झाला आणि महिन्याभरात त्यावर तांबूस डाग फुटले. रंगाचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असावे लागतात; खलबत्त्यात तेवढे बारीक होत नाही. कणांचा आकार बदलला तर तेच हेमॅटाइट नारिंगी झाक असलेले लाल किंवा जांभळट लाल दिसते. बाजारात ११०, १३०, १९० असे आकडे सांगतात ते याच छटांचे. लाल १३०, पिवळा ३१३ आणि काळा ३३० हे आकडे बांधकामाच्या मालासाठी दुकानदाराला सांगितले की निदान बोलणे एका पातळीवर येते.

१२ ऑगस्टला आम्ही चाचणीच्या चकत्या पाडल्या. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा ४५० रुपयांना घेतला. प्रत्येक चकतीला अर्धा किलो सिमेंट आणि त्याच्या १, २, ३, ४, ५ आणि ७ टक्के रंग, म्हणजे ५ ग्रॅमपासून ३५ ग्रॅमपर्यंत. टक्केवारी नेहमी सिमेंटच्या वजनावर धरतात, संपूर्ण मालाच्या नाही. सिमेंटबरोबर औष्णिक वीज केंद्राची राख (फ्लाय ॲश) वापरत असाल तर राखेचे वजनही सिमेंटमध्येच मिळवावे. चकत्यांच्या पाठीवर खिळ्याने आकडे कोरले आणि त्या गच्चीच्या कठड्यावर पापडासारख्या मांडल्या. सातव्या दिवशी सगळ्या गडद होत्या आणि काही कळत नव्हते. ९ सप्टेंबरला, म्हणजे २८ दिवसांनी, त्या पूर्ण वाळल्या तेव्हा गोष्ट स्पष्ट झाली. लालात ४ आणि ५ टक्क्यांत फरक जेमतेम होता, ५ आणि ७ टक्क्यांत तो मला तरी दिसला नाही. म्हणजे पाचाच्या वर टाकलेला पैसा सिमेंटमध्ये पुरला जातो. अमेरिकेतील एएसटीएम सी ९७९ या मानकात रंगाची कमाल मर्यादा १० टक्के आहे आणि रंग टाकलेल्या काँक्रीटची २८ दिवसांची ताकद बिनरंगाच्या काँक्रीटच्या ९० टक्क्यांखाली जाऊ नये अशी अट आहे. पण गट्टूच्या धंद्यात त्या मर्यादेच्या जवळ जाण्याचे कारणच पडत नाही.

त्याच चकत्यांत एक वेगळी होती. ४ टक्केच रंग, पण पाणी थोडे जास्त. ती २ टक्क्यांच्या चकतीइतकी फिकी निघाली. जास्तीचे पाणी उडून जाताना बारीक छिद्रे मागे ठेवते आणि त्यांच्यामुळे रंग पांढुरका दिसतो. त्या दिवसापासून पाणीही मापाने घालायचे ठरले. पिवळ्याची पूड सुईसारख्या कणांची आणि फुगीर असते, ती लालापेक्षा जास्त पाणी पिते. त्यामुळे पिवळा माल घट्ट वाटतो आणि माणसाचा हात आपोआप पाण्याच्या डब्याकडे जातो. तेथे थांबायचे.

पिवळ्याची दुसरी अडचण आमच्या मातीतलीच आहे. मराठवाड्यात खडी, कच आणि चुरी सगळी काळ्या पाषाणाची. करड्या सिमेंटमध्ये काळी चुरी आणि त्यात पिवळा, म्हणजे मोहरीच्या दाण्याकडे झुकणारा, किंचित हिरवट रंग येतो. उजळ पिवळा हवा असेल तर पांढरे सिमेंट लागते, आणि त्याची गोणी साध्याच्या तिप्पट दराने पडते. गुत्तेदाराच्या दरात ते बसत नव्हते. सरपंचांना मधल्या पट्ट्यात निळाही हवा होता. निळ्यातही लोखंडाचा एक रंग आहे, प्रशियन ब्लू नावाचा, आणि तो स्वस्तही आहे. परंतु सिमेंटच्या अल्कात तो मोडतो आणि निळेपणा जातो. टिकणारा निळा कोबाल्टचा, त्याचा भाव ऐकून सरपंच स्वतःच हसले. शेवटी जो पिवळा आम्ही देऊ शकत होतो त्याचे आणि लालाचे पूर्ण वाळलेले दोन-दोन नमुना गट्टू घेऊन मी ग्रामपंचायतीत गेले, आणि सरपंच, ग्रामसेवक, शाखा अभियंता व गुत्तेदार यांच्या तारखेसह सह्या गट्टूंच्या पाठीवर मार्करने घेतल्या. एक जोडी त्यांच्याकडे ठेवली, एक आमच्याकडे. पुढे या सह्यांनी आम्हाला दोनदा वाचवले.

१३ सप्टेंबरला संभाजीनगरहून लाल १३० च्या २५ किलोच्या दोन गोण्या आणि पिवळ्या ३१३ ची एक गोणी आणली. लाल ११८ रुपये किलो, पिवळा १३२ रुपये किलो, वर १८ टक्के जीएसटी. एकूण १०,८५६ रुपये. गोणीवर लॉट क्रमांक होता आणि मागितल्यावर चाचणी प्रमाणपत्रही मिळाले. दर तिप्पट असूनही खर्च आवाक्यात राहिला, कारण आता आम्ही संपूर्ण गट्टू रंगवत नव्हतो. साच्यात आधी १० मिलिमीटरचा रंगीत थर घालायचा, टेबलावर बसवायचा आणि त्यावर करडा माल भरायचा. पूर्ण जाडीत ३ टक्के रंग टाकला तर एका चौरस मीटरला साधारण ६८० ग्रॅम लाल लागतो. १० मिलिमीटरच्या थरात ४ टक्क्यांनी १८० ग्रॅम पुरतो. म्हणजे ८० रुपयांच्या जागी २१ रुपये. दोन्ही थर ओले असतानाच एकमेकांवर पडले पाहिजेत, मध्ये जेवणाची सुट्टी झाली तर वरचा थर पुढे पापडीसारखा सुटतो.

मिसळण्याचा क्रमही बदलला. आधी चुरी आणि रंग कोरडे फिरवायचे, म्हणजे चुरीचे खडे गुठळ्या फोडतात. मग सिमेंट, मग सगळ्यात शेवटी पाणी. ओंजळीचा वाद मी असा मिटवला की रात्री बसून ५० किलोच्या एका गोणीला दोन किलो याप्रमाणे लालाच्या पिशव्या बांधून ठेवल्या. सिमेंटची एक गोणी फुटली की रंगाची एक पिशवी फुटायची. संध्याकाळी रिकाम्या गोण्या आणि रिकाम्या पिशव्या मोजल्या की हिशेब कळतो. मिस्त्रीमामा दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी स्वतःच पिशव्या मोजून मागू लागले. ही पूड विषारी नाही, पण ती नाकात आणि कपड्यांत बसते. मास्क वापरावा, आणि लालाच्या दिवशी घालायचे कपडे वेगळे ठेवावेत. आमच्या दोरीवरचा एक पांढरा सदरा कायमचा गुलाबी झाला आहे.

२०२३ चा ऑगस्ट आमच्याकडे जवळजवळ कोरडाच गेला होता, त्यामुळे गट्टूंना पाणी मारण्यासाठी टँकर घ्यावे लागले. गोणपाट टाकून पाणी शिंपडले तर जेथे गोणपाट टेकतो तेथे वेगळा डाग उठतो, हे करड्यात लक्षात येत नाही, रंगीतात लगेच दिसते. म्हणून थप्पीला प्लास्टिकचे कापड गुंडाळून आतला ओलावा आतच ठेवू लागलो. पाणीही कमी लागले आणि डागही गेले. २० सप्टेंबरला पाडलेल्यांपैकी बारा गट्टू १८ ऑक्टोबरला प्रयोगशाळेत नेले. गट्टूंसाठीच्या आयएस १५६५८ या भारतीय मानकाप्रमाणे ताकदीसाठी आठ आणि पाणी शोषण्याच्या चाचणीसाठी तीन लागतात, एक मी जास्तीचा घेतला. बारा गट्टू म्हणजे ४२ किलो. एसटीच्या वाहकाने दोन्ही गोण्या उचलून पाहिल्या आणि विचारले, “ताई, ह्यात देव हाय का दगड?” दसऱ्याच्या आदल्या दिवशी अहवाल मिळाला. सरासरी ताकद दर चौरस मिलिमीटरला ३८.६ न्यूटन, पाणी शोषण ४.८ टक्के, मर्यादा सरासरी ६ टक्क्यांची आहे. तपासणीचे ३,२०० रुपये झाले. अहवालावर कामाचे नाव आणि कार्यारंभ आदेशाचा क्रमांक छापून घ्यावा, नाहीतर देयकाला जोडताना तो अहवाल कोणत्या कामाचा असा प्रश्न निघतो.

सगळे सुरळीत झाले असे वाटत असताना नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस आला आणि बसवलेल्या लाल गट्टूंवर पांढरी पावडर उमटली. गुत्तेदाराचा फोन सकाळी सहाला आला, “तुमचा रंग परत उडाला.” मी ओला फडका घेऊन गेले. पुसल्यावर खालचा लाल जसाच्या तसा होता. सिमेंटमधला चुना ओलाव्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून खडूसारखा थर करतो; करड्या गट्टूवरही तो येतो, पण तेथे कोणाच्या नजरेत भरत नाही. ही रंगाची चूक नव्हती. नमुना गट्टू शेजारी ठेवून शाखा अभियंत्यांना दाखवले तेव्हा त्यांनी ते मान्य केले. पुढच्या मालात सिमेंटचा थोडा भाग कमी करून परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख घातली, कारण राख त्या मोकळ्या चुन्याला बांधून टाकते. तेव्हापासून पांढरेपणा बराच कमी झाला. ज्यांना घाई असेल ते पातळ ॲसिडने धुतात. मी धुतले नाही. पुढचे दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी आणि झाडूने तो थर आपोआप निघाला.

काम जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाले, मोजमाप फेब्रुवारीत झाले आणि गुत्तेदाराकडून शेवटची रक्कम २१ मार्चला आली, सहा हजार रुपये कापून. कपात योग्यच होती. लालाच्या दोन्ही गोण्यांवर आकडा १३० च होता, पण लॉट क्रमांक वेगळे होते आणि मी ते पाहिलेच नव्हते. पहिल्या गोणीचे गट्टू संपले आणि दुसरीचे सुरू झाले, तेथे मंदिरासमोर एक सरळ रेघ दिसते. अलीकडचा लाल किंचित नारिंगी, पलीकडचा किंचित जांभळट. आता मी संपूर्ण कामाचा रंग एकाच लॉटचा घेते, आणि बसवणाऱ्यांना एका थप्पीतून सलग न उचलता तीन थप्प्यांतून आळीपाळीने उचलायला लावते, म्हणजे थोडा फरक असलाच तरी तो विखुरला जातो. परत आलेले ते २,३०० खाकी आणि गुलाबी गट्टू आमच्याच अंगणात बसवले आहेत. मंदिरासमोरची ती रेघ मात्र हातपंपापासून सुरू होऊन पाराच्या कडेला संपते, आणि त्या बाजूला गेले की माझी नजर आधी तेथेच जाते.